पुढच्या कोर्टातला माणूस: चिराग शेट्टीच्या कारकिर्दीचा प्रकरण अभ्यास

२०२३ मध्ये सात्विकसाईराज रंकीरेड्डीच्या स्मॅशची गिनीज बुकात नोंद झाली. वेग ताशी ५६५ किलोमीटर. मलेशियाच्या टॅन बून हेओंगचा ४९३ किलोमीटरचा विक्रम दहा वर्षं टिकून होता, तो मोडला. बातमी खूप गाजली आणि ती गाजायलाच हवी होती. पण विक्रमासाठी मारलेल्या स्मॅशला शटल कुणीतरी मुद्दाम वर उडवून देतं. सामन्यात समोरची जोडी ते आपण होऊन वर देत नाही. तिला लिफ्ट करायला, म्हणजे शटल उंच उचलून द्यायला, भाग पाडावं लागतं. हे काम नेटजवळच्या दोन-अडीच मीटरमध्ये होतं, आणि सात्विकच्या जोडीत ते जास्त करून चिराग शेट्टी करतो. या कामाचा वेग कुणी मोजत नाही आणि स्कोअरकार्डवरही ते दिसत नाही.

दुहेरीच्या व्यावसायिक खेळाडूचं करिअर कसं घडतं हे समजून घ्यायला मला चिरागचं उदाहरण सगळ्यात उपयोगी वाटतं. जोडीदार बदलणं, स्वतःची जागा बदलणं, प्रशिक्षक बदलत राहणं, दोघांत मिळून एक रँकिंग, बक्षिसात निम्मा वाटा, जोडीदाराच्या दुखापतीमुळे आपलीही स्पर्धा जाणं, हे सगळं त्याच्या दहा वर्षांत आलं आहे. शिवाय तो मुंबईचा. मालाडला वाढला आणि गोरेगावात उदय पवारांच्या अकादमीत खेळ शिकला. पवार स्वतः आंतरराष्ट्रीय पातळीवर खेळलेले. तिथून चिराग हैदराबादला गोपीचंद अकादमीत गेला.

आधीचं चित्र

आपल्याकडे बॅडमिंटन म्हणजे एकेरी. प्रकाश पदुकोणने १९८० मध्ये ऑल इंग्लंड जिंकलं, गोपीचंदने २००१ मध्ये. पुढे सायना आणि सिंधूची ऑलिंपिक पदकं आली. पोरं अकादमीत येतात ती ही नावं डोक्यात घेऊन. मग चौदा-पंधराव्या वर्षी ज्यांचं एकेरीत जमत नाही असं दिसतं, त्यांना दुहेरीत खेळ म्हणून सांगितलं जातं. ही वाटणीच चुकीची आहे असं माझं ठाम मत आहे. दुहेरीला लागणारी नजर, मनगट आणि जागेवरची पावलं वेगळी असतात. ती एकेरीतल्या उरलेल्या वेळात तयार होत नाहीत.

दुहेरीत आपल्याकडे कुणी नव्हतंच असं नाही. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत लेरॉय डिसा आणि प्रदीप गंधे यांनी पुरुष दुहेरीत कांस्य मिळवलं. त्यानंतर या प्रकारात आशियाई पदकासाठी ४१ वर्षं थांबावं लागलं. महिलांमध्ये ज्वाला गुट्टा आणि अश्विनी पोनप्पा यांनी २०१० चं राष्ट्रकुल सुवर्ण आणि २०११ मध्ये लंडनच्या जागतिक स्पर्धेत कांस्य आणलं. ज्वालाचा जन्म वर्ध्याचा, हे आपल्याकडे फार जणांना ठाऊक नसतं. दुहेरीला दुय्यम वागणूक मिळते हे ती वर्षानुवर्षं उघडपणे बोलत राहिली. तिच्या बोलण्याला तेव्हा कटकट म्हणून बाजूला सारलं गेलं. आज मागे वळून पाहिलं तर तिचा मुद्दा रास्त होता. स्वतंत्र दुहेरी प्रशिक्षक हवा आणि दुहेरीच्या खेळाडूंचा सराव वेगळा हवा, एवढंच तर ते होतं.

दोघेही मागचेच

मलेशियाचे टॅन किम हर २०१५ मध्ये भारताचे दुहेरी प्रशिक्षक म्हणून आले. पुढच्याच वर्षी त्यांनी चिराग आणि सात्विक यांची जोडी लावली. चिराग तेव्हा एकोणिशीत पोहोचत होता, सात्विक त्याच्याहून तीन वर्षांनी लहान. सात्विक आंध्रातल्या अमलापुरमचा. वडील शारीरिक शिक्षणाचे शिक्षक आणि घरात बॅडमिंटन आधीपासून असलेलं. त्याचं बोलणं तेलुगूत आणि हिंदी तेव्हा बेताची. चिराग मुंबईच्या हिंदी-इंग्रजीत वाढलेला.

भाषेपेक्षा मोठी अडचण खेळाची होती. दोघेही सहा फुटांहून उंच आणि दोघांनाही मागे राहून स्मॅश मारायची सवय. जोडी लावताना साधारणपणे एक जण मागून मारणारा आणि एक जण पुढे चपळ असा विचार होतो. इथे दोघेही तोफा. अशी जोडी टिकेल का, ही शंका त्या वेळी अनेकांना होती. टॅन यांचा हिशोब वेगळा होता. उंची आणि ताकद शिकवता येत नाही, पुढचा खेळ शिकवता येतो.

पुरुष दुहेरीत कोर्टाची रुंदी ६.१० मीटर असते, एकेरीत ५.१८. पण सर्व्हसाठीचा चौकोन लांबीला उलट आखूड होतो, कारण दुहेरीची मागची सर्व्हिस रेषा बेसलाइनच्या ७६ सेंटिमीटर आत असते. नेटपासून १.९८ मीटरवरच्या पुढच्या रेषेपासून मोजलं तर सर्व्ह पडायला जेमतेम ३.९६ मीटर उरतात. म्हणजे उंच सर्व्ह करून सामनेवाल्याला मागे ढकलायची सोय फारशी राहत नाही. सर्व्ह नेटच्या पट्टीला जवळजवळ घासून, अगदी कमी उंचीवरून जावी लागते आणि घेणारा रेषेला नाक लावून उभा असतो. सर्व्ह दोन बोटं जरी वर गेली तरी शटल तोंडावर येतं. पुरुष दुहेरीतले कितीतरी गुण पहिल्या चार फटक्यांत ठरतात ते यामुळे.

जो सर्व्ह करतो तो आपोआप पुढे राहतो आणि जोडीदार मागे. म्हणून निव्वळ पुढचा किंवा निव्वळ मागचा असा माणूस या खेळात चालत नाही. सात्विकची सर्व्ह असते तेव्हा पुढे सात्विकच असतो. मग रॅलीच्या ओघात फिरत फिरत आपापल्या आवडीच्या जागी यायचं, तेही समोरच्याला मोकळी जागा न दाखवता. याला रोटेशन म्हणतात आणि हे कळायला जोडीला वर्षं लागतात.

आता चिरागचं काम एका रॅलीत पाहा. सात्विक मागून सपाट ड्राइव्ह मारतो. समोरचा खेळाडू तो नेटवर हळूच ब्लॉक करतो. चिराग रॅकेट छातीच्या वर धरून आधीच अर्धं पाऊल पुढे सरकलेला असतो. शटल नेटच्या पट्टीच्या वर असतानाच तो ते मनगटाने खाली दाबतो किंवा समोरच्याच्या उजव्या खांद्याकडे ढकलतो. तिथून परतवायला हात आखडतो, त्यामुळे शटल वर उठतं. ते वर उठलं की सात्विकचा स्मॅश दोन विरोधकांच्या मधल्या रेषेवर येतो. परत आलेलं कमजोर शटल पुन्हा चिरागच्या रॅकेटवर. टीव्हीवर आपण स्मॅश पाहतो, आणि पुढच्याच्या हालचालीकडे लक्ष गेलं नाही तर हा गुण सात्विकचा वाटतो.

मागून मारणाऱ्या मुलाने हे शिकायचं म्हणजे आपल्या आवडीचा फटका जोडीदाराला देऊन टाकायचा. चिराग अजूनही मागून जोरात मारतो, त्याचा स्मॅशही कमी नाही. पण या जोडीचा भार त्याने पुढे उचलला. मला विचाराल तर त्याच्या करिअरमधला सगळ्यात मोठा निर्णय हाच, कुठल्याही अंतिम सामन्याहून मोठा.

२०१६ मध्येच मॉरिशस, बांगलादेश आणि टाटा ओपन इंडिया या छोट्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा त्यांनी जिंकल्या. २०१८ च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत मिश्र सांघिक सुवर्ण मिळालं. पुरुष दुहेरीत इंग्लंडच्या मार्कस एलिस आणि ख्रिस लँग्रिज यांच्याकडून हरून रौप्य.

२०१९ आणि टोकियोचा हिशोब

ऑगस्ट २०१९ मध्ये बँकॉकला थायलंड ओपनच्या अंतिम फेरीत त्यांनी तेव्हाचे जगज्जेते ली जुनहुई आणि लिऊ युचेन यांना २१-१९, १८-२१, २१-१८ असं हरवलं. सुपर ५०० दर्जाची, म्हणजे आंतरराष्ट्रीय दौऱ्यातली वरच्या पातळीची स्पर्धा जिंकणारी ही पहिली भारतीय पुरुष जोडी. त्याच वर्षी फ्रेंच ओपनच्या अंतिम फेरीतही ते पोहोचले, तिथे इंडोनेशियाच्या मार्कस गिडियन आणि केविन सुकामुल्यो यांनी थांबवलं.

गंमत म्हणजे हे यश येत होतं तेव्हा जोडी लावणारे टॅन भारत सोडून गेलेले होते. त्यांच्या जागी इंडोनेशियाचे फ्लँडी लिम्पेले आले आणि तेही २०२० मध्ये गेले. एकेरीच्या खेळाडूला प्रशिक्षक बदलला की एका माणसाची घडी बसवावी लागते. इथे दोघांची, आणि दोघांमधल्या नात्याचीही. नवा प्रशिक्षक सर्व्हनंतर कुणी कुठे जायचं हे बदलतो, तेव्हा आधीची दोन वर्षांची सवय मोडावी लागते. दुहेरीत प्रशिक्षकाच्या सातत्याला एकेरीपेक्षा जास्त किंमत आहे, असं मला वाटतं.

२०२१ च्या सुरुवातीला डेन्मार्कचा मथियस बो आला. कार्स्टन मोगेन्सनच्या जोडीने लंडन ऑलिंपिकचं रौप्य आणि दोनदा ऑल इंग्लंड जिंकलेला हा माणूस. डेन्मार्कची जोडी आशियातल्या वेगवान जोड्यांपुढे टिकायची ती बचाव आणि शांत डोक्याच्या जोरावर. आपल्या दोघांकडे नेमकं तेच कमी होतं. हल्ला चालला तर कुणालाही हरवतील, पण नाही चालला तर दहा मिनिटांत सामना हातचा जाणार.

टोकियोत गट मोठा कठीण निघाला. पहिल्या सामन्यात चायनीज तैपेईच्या ली यांग आणि वांग ची-लिन यांना २१-१६, १६-२१, २७-२५ असं हरवलं. दुसऱ्यात गिडियन-सुकामुल्यो यांनी १३-२१, १२-२१ असं चेपलं. तिसऱ्यात ब्रिटनच्या बेन लेन आणि शॉन वेंडी यांना सरळ दोन गेममध्ये हरवलं. तीनपैकी दोन सामने जिंकले आणि तरी बाहेर.

कसं ते पाहण्यासारखं आहे. गटात तीन जोड्यांचे दोन-दोन विजय झाले, मग गेमचा फरक मोजला. इंडोनेशियाचे ५ गेम जिंकून २ हरलेले, फरक तीन. तैपेईचे ५ जिंकून ३ हरलेले, फरक दोन. भारताचे ४ जिंकून ३ हरलेले, फरक एक. म्हणजे तैपेईविरुद्धचा पहिला सामना तिसऱ्या गेमपर्यंत न जाता दोन गेममध्ये संपवला असता, तर पुढची फेरी आपली होती. आणि ज्या तैपेईच्या जोडीला आपण हरवलं, तिनेच पुढे सुवर्णपदक जिंकलं. सुवर्णविजेत्यांना त्या स्पर्धेत हरवणारी एकमेव जोडी गटातूनच घरी आली.

यात नशिबाला दोष द्यायची मुभा आहे, पण मला खरं उत्तर दुसऱ्या सामन्यात दिसतं. गिडियन आणि सुकामुल्यो यांच्याविरुद्ध १३ आणि १२ गुण म्हणजे पहिल्या चार फटक्यांतच खेळ गेला होता. हल्ल्याची संधीच मिळाली नाही. पुढची तीन वर्षं हीच दरी बुजवण्यात गेली.

२०२२: बँकॉक

जानेवारीत दिल्लीला इंडिया ओपनमध्ये अहसान आणि सेतियावान या इंडोनेशियन दिग्गजांना हरवून विजेतेपद आलं. पण त्या वर्षाचं खरं प्रकरण मे महिन्यातला थॉमस कप. पुरुषांच्या सांघिक जगज्जेतेपदाची ही स्पर्धा भारताने त्याआधी कधीच जिंकली नव्हती. आपण मलेशियाला ३-२, डेन्मार्कला ३-२ असं हरवत अंतिम फेरीत आलो. समोर चौदा वेळचा विजेता इंडोनेशिया.

लक्ष्य सेनने पहिला सामना जिंकून दिला. दुसरा सामना दुहेरीचा, अहसान आणि सुकामुल्यो या बदललेल्या जोडीशी. पहिला गेम १८-२१ गेला. दुसऱ्यात चार मॅच पॉइंट वाचवून २३-२१, तिसरा २१-१९. मग श्रीकांतने जोनाथन क्रिस्टीला हरवलं आणि ३-० असा कप आला. हा दुहेरीचा सामना गेला असता तर १-१ झालं असतं, पुढचं सगळं वेगळं असतं. भारतात सांघिक स्पर्धा आजवर एकेरीच्या भरवशावर खेळल्या जायच्या, दुहेरीचे दोन सामने गेले असं धरून. त्या दिवशी दुहेरीच्या एका सामन्यावर संघ विसंबून होता आणि तो विश्वास खरा ठरला.

मॅच पॉइंट वाचवणं हिमतीचं खरं, पण तो सामना पाहताना दुसरीच गोष्ट जाणवली. टोकियोत मागे पडल्यावर ही जोडी जास्त जोरात मारायला जायची आणि चुका व्हायच्या. इथे मागे पडल्यावर दोघांनी शटल जास्त वेळा परत केलं. बोच्या तालमीचा बदल मला तिथे दिसला.

त्याच वर्षी बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल सुवर्ण, टोकियोतल्या जागतिक स्पर्धेत कांस्य आणि ऑक्टोबरमध्ये फ्रेंच ओपन. जागतिक स्पर्धेत पुरुष दुहेरीत भारताला मिळालेलं ते पहिलं पदक. उपांत्यपूर्व फेरीत जपानच्या होकी आणि कोबायाशी या गतविजेत्यांना त्यांच्याच घरी हरवलं. उपांत्य फेरीत मलेशियाचे आरोन चिया आणि सोह वूई यिक. पहिला गेम २२-२० असा घेऊनही सामना गेला. या दोन नावांकडे पुन्हा यावं लागेल.

पैशाची गोष्ट

दुहेरीत करिअर करायचं तर घरातल्यांचा पहिला प्रश्न हाच असतो, म्हणून आकडे मांडतो. २०२३ च्या इंडोनेशिया ओपनची एकूण बक्षीस रक्कम साडेबारा लाख डॉलर होती. एकेरीच्या विजेत्याला ८७,५०० डॉलर. दुहेरीच्या विजेत्या जोडीला ९२,५०० डॉलर, म्हणजे प्रत्येकी ४६,२५०. सराव तेवढाच, प्रवास तेवढाच, हाती मात्र जवळपास निम्मं. जागतिक स्पर्धेला तर बक्षीस रक्कमच नसते, फक्त पदक.

रँकिंगही जोडीचं. जोडी फुटली तर नव्या जोडीला आपलं रँकिंग नव्याने उभं करावं लागतं.  यामुळे दुहेरीत जोडीदार बदलणं हा खेळाइतकाच पोटापाण्याचा निर्णय असतो. शिवाय जगातल्या पहिल्या दहा जोड्यांना मोठ्या स्पर्धा खेळणं बंधनकारक असतं, अंग दुखतंय म्हणून सहज विश्रांती घेता येत नाही.

एक कटू गोष्ट इथेच सांगतो. २०२४ मध्ये टी-२० विश्वचषक जिंकणाऱ्या क्रिकेट संघाला महाराष्ट्र सरकारने ११ कोटी जाहीर केले. तेव्हा चिरागने जाहीरपणे नाराजी व्यक्त केली. थॉमस कप हाही विश्वचषकच आहे आणि त्या संघात महाराष्ट्राचा तो एकटाच होता, तरी राज्याने दखल घेतली नाही, असं त्याचं म्हणणं होतं. क्रिकेटपटूंना देऊ नका असं तो म्हणाला नव्हता. मला त्याचं बोलणं पूर्ण पटतं. मालाडच्या मुलाने जगातल्या सगळ्यात मोठ्या सांघिक विजयात निर्णायक सामना जिंकायचा आणि आपली दखल घ्या असं स्वतःच सांगायचं, ही आपल्या राज्याला शोभणारी गोष्ट नाही.

आठ पराभवांनंतर

चिया आणि सोह. २०२२ चे जगज्जेते. उंचीने आपल्यापेक्षा लहान आणि पायांनी जास्त चपळ. बचावात असे की स्मॅश परत येतोच, आणि येतो तो चिरागच्या डोक्यावरून किंवा अंगावर. या जोडीविरुद्ध सात्विक-चिराग पहिले आठही सामने हरले होते. बर्मिंगहॅमच्या सांघिक अंतिम सामन्यातला पराभव, जागतिक उपांत्य फेरीतला पराभव, सगळे यात आले.

१८ जून २०२३. जकार्ताचं इस्तोरा सेनायन, इंडोनेशिया ओपनची अंतिम फेरी. दौऱ्यातल्या सर्वोच्च दर्जाची, सुपर १००० स्पर्धा आपल्या कुणीच जिंकलेली नव्हती, एकेरीतही नाही. निकाल २१-१७, २१-१८. तिसऱ्या गेमची वेळच आली नाही. त्या सामन्यात स्मॅशचा भडिमार कमी आणि मधल्या उंचीवरचे सपाट फटके जास्त होते. त्यांच्या बचावाला हवा तो उंच फटका द्यायचाच नाही, शटल सपाट ठेवून पुढे चिरागला खेळवायचं. आठ पराभवांत जे शिकता आलं ते इथे वापरलं गेलं.

त्या वर्षाची बाकी यादी भराभर सांगतो, कारण ती सगळ्यांना माहीत आहे. मार्चमध्ये स्विस ओपन. एप्रिलमध्ये दुबईत आशियाई विजेतेपद, दिनेश खन्नांच्या १९६५ च्या विजयानंतरचं भारताचं पहिलं. जुलैत कोरिया ओपन. ७ ऑक्टोबरला हांगझोऊ आशियाई स्पर्धेत सुवर्ण, बॅडमिंटनमधलं भारताचं पहिलंच. उपांत्य फेरीत पुन्हा चिया-सोह आणि पुन्हा सरळ दोन गेम. तीन दिवसांनी जागतिक क्रमवारीत पहिला क्रमांक, जो भारताच्या कुठल्याही जोडीला कधी मिळाला नव्हता. जानेवारी २०२४ मध्ये दोघांना खेलरत्न.

पोर्त द ला शापेल

पॅरिसमधलं हे स्टेडियम या प्रकरणात तीनदा येतं. मार्च २०२४ मध्ये फ्रेंच ओपन तिथे झाली, ऑलिंपिकची रंगीत तालीम म्हणून, आणि ती यांनी जिंकली. मे महिन्यात थायलंड ओपनही जिंकली. ऑलिंपिकला जाताना पदक जवळजवळ गृहीत धरलं गेलं होतं.

१ ऑगस्ट २०२४. उपांत्यपूर्व फेरी, समोर चिया आणि सोह. पहिला गेम २१-१३ असा सहज. मग १४-२१, १६-२१. त्या दुसऱ्या गेमपासून मलेशियाच्या जोडीने सर्व्हनंतरचा दुसरा-तिसरा फटका आपल्या दोघांच्या अंगावर ठेवायला सुरुवात केली. लांब हातांच्या उंच खेळाडूला अंगावरचं शटल काढायला जागा लागते आणि ती मिळेना. चिरागला पुढे यायला मिळत नव्हतं. जकार्तात यांनी केलं, ते पॅरिसला त्यांनी केलं. सामन्यानंतर बोने प्रशिक्षकपद सोडत असल्याचं सांगितलं.

पुढचं वर्ष दुखण्यांचं आणि दुःखाचं. सात्विकचा खांदा, चिरागची पाठ. फेब्रुवारी २०२५ मध्ये सात्विकचे वडील गेले. काही आठवड्यांत दोघे ऑल इंग्लंडला उतरले आणि तिथे चिरागच्या पाठीमुळे सामना सोडावा लागला. क्रमवारीत पहिल्या वीसाच्याही बाहेर गेले. दुहेरीत एकाची पाठ धरली की दुसऱ्याचा हंगाम जातो, एकाच्या घरी दुःख झालं तर दुसऱ्याची स्पर्धा थांबते. अशा वेळी दुसरा जोडीदार शोधण्याचा मोह होतो आणि जगात अनेकांनी तो मार्ग घेतला आहे. हे दोघे एकत्र राहिले. या काळात टॅन किम हर पुन्हा भारतात आले होते. ज्यांनी जोडी लावली, त्यांच्याच हाती ती परत आली.

मे महिन्यात सिंगापूर ओपनची उपांत्य फेरी, तिथे चिया-सोह यांच्याकडून हार. जुलैत चायना ओपनला पुन्हा उपांत्य फेरी, पुन्हा तेच आणि पुन्हा हार. ऑगस्टच्या अखेरीस जागतिक स्पर्धा, तेच पॅरिसचं स्टेडियम, उपांत्यपूर्व फेरी आणि तीच जोडी. या वेळी २१-१२, २१-१९. पदक नक्की झालं, जागतिक स्पर्धेतलं या जोडीचं दुसरं. उपांत्य फेरीत चीनच्या चेन बोयांग आणि लिऊ यी यांच्याशी एकेक गेम झाल्यावर तिसरा १२-२१ असा गेला.

सप्टेंबरमध्ये हाँगकाँग ओपन आणि चायना मास्टर्स अशा लागोपाठ दोन अंतिम फेऱ्या गाठल्या आणि दोन्ही हरले. हाँगकाँगला लियांग वेईकेंग आणि वांग चांग, शेनझेनला कोरियाचे किम वॉन-हो आणि सेओ सेउंग-जे.

हे तीन पराभव शेजारी ठेवून पाहिले तर एक धागा सापडतो. हल्ला कमी पडलेला नाही. सर्व्ह आणि रिसीव्हच्या चार फटक्यांत समोरच्यांना आधी पुढाकार मिळतो आणि मग गुण झपाट्याने जातात. २०१८ पासून सर्व्ह करताना शटल जमिनीपासून १.१५ मीटरच्या खाली मारावं लागतं. सहा फुटी माणसाला त्यासाठी हात बराच खाली न्यावा लागतो, गुडघे वाकवावे लागतात. दमलेल्या पायांवर तिसऱ्या गेममध्ये तोच फटका आधी बिघडतो. कोरियाची आणि चीनची नवी पिढी नेमकी तिथेच चढून येते. २०२५ च्या अखेरीला टॅन यांच्या हातात हेच काम होतं. सराव चुकवायचा नाही, पाठ सांभाळायची आणि रोज शेकडो सर्व्ह टाकायच्या. चिराग तेव्हा २८ वर्षांचा होता, सात्विक २५. पुरुष दुहेरीत अहसान आणि सेतियावान तिशी ओलांडून जगज्जेते झाले आहेत, त्यामुळे वयाची घाई नाही. ऑलिंपिकचं पदक तेवढं अजून मिळायचं आहे.